कोणीच नसलेला फोटो

मोन्तेविदेओच्या हमरस्त्यावर एक बँक आणि एक चपलांचं दुकान यांच्या मधोमध नेप्तुनो गालेरिया या छपराखालच्या बाजाराचं तोंड आहे. लोक त्याच्यासमोर उभे राहून बसची वाट बघतात, पण मागे वळून आत कोणी बघत नाही. आत पिवळसर फरशीची लांब गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानांच्या काचा, मध्ये पाणी आटलेलं कारंजं, आणि वर नेण्यासाठी बांधलेला पण कित्येक वर्षांत कोणालाही वर न नेलेला सरकता जिना. एके काळी शनिवारी संध्याकाळी इथे खांद्याला खांदा घासायचा. आता बहुतेक काचांच्या आत धूळ, भाड्याने देण्याच्या विटलेल्या पाट्या आणि एका ठिकाणी ना डोकं ना कपडे असा एक पुतळा, एवढाच माल उरला होता. जिवंत दुकानं दोनच होती. कारंज्याच्या अलीकडे नीबियाचं पार्लर, आणि पलीकडे, बरोब्बर समोर, दार्दोचं घड्याळदुरुस्तीचं.

नीबिया सहासष्ट वर्षांची. केस तांब्याच्या रंगाचे, ते तिनेच तसे केलेले, आणि तोंडाचा पट्टा सकाळी शटर उघडताना सुरू व्हायचा तो शटर पाडेपर्यंत. नवऱ्याला तिने तरुणपणीच घराबाहेर काढलं होतं, आणि त्यानंतर कोणाला आत घ्यायची गरज तिला भासली नव्हती. दार्दो विधुर. दिवसाला मोजके शब्द बोलणारा, डोळ्याला भिंग लावून स्क्रूंशी संसार करणारा. रोज सकाळी तो काखेत थर्मास मारून कारंज्याला वळसा घालून यायचा. भोपळ्याच्या वाटीत येर्बाचा पाला, वर गरम पाणी, दोघांत मिळून एकच धातूची नळी. तो ओतायचा, ती प्यायची आणि नावं ठेवायची. आज पाणी गार, काल पाला शिळा, परवा आणखी काही. तीस वर्षं हे चाललं होतं आणि दोघांपैकी कोणीही त्याला काही नाव दिलं नव्हतं.

जूनच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका थंड सकाळी दार्दोने वाटी पुढे करता करता सांगितलं की तो दुकान बंद करतोय. मुलगी मारिएला स्पेनमध्ये वालेन्सियाला असते, ती गेली तीन वर्षं बोलावतेय, तिला लहान बाळ आहे, हिवाळा संपताना जावं म्हणतो. नीबियाने नळी तोंडातून काढली आणि म्हणाली, बरं झालं, तुमच्या त्या टिकटिकीने माझं डोकं उठायचं. दार्दो म्हणाला, तेही खरंच. आणि थर्मास काखेत मारून परत गेला. त्या दिवशी मात्र एका गिऱ्हाइकाच्या केसांना नीबियाने दोनदा रंग लावला.

आता कोणी म्हणेल, बाईने सरळ सांगायचं, जाऊ नका. पण जाऊ नका म्हटलं की समोरचा विचारणार, का. आणि त्या 'का'चं जे उत्तर होतं ते या वयात, तांब्याच्या रंगाच्या केसांनी, एप्रन बांधून कसं द्यायचं? ते द्यायची नीबियाला लाज वाटत होती. एवढंच कारण, आणि तेवढं पुरेसं होतं.

त्याच आठवड्यात माइते आली. माइते म्हणजे चित्रकला शाळेतली एक लुकडी पोरगी, पायात जड बूट, गळ्यात कॅमेरा. नीबिया एका गिऱ्हाइकाला रोलर लावून बाहेर आली तर ही पोरगी फरशीवर पालथी पडून त्या बिनडोक्याच्या पुतळ्याचा फोटो काढत होती. कोण मेलं का, असं नीबियाने विचारलं. माइते उठून बसली आणि मोठ्या उत्साहाने समजावून सांगू लागली. अशा जागांचं सध्या जगभर वेड आहे. जिथे कोणी राहत नाही, थांबत नाही, नुसतं एकीकडून दुसरीकडे जातं अशा जागा. विमानतळाच्या रिकाम्या गल्ल्या, सुट्टीतल्या शाळा, हिवाळ्यात बंद पडलेली समुद्राकाठची हॉटेलं. त्यात माणूस नसला की बघणाऱ्याला कसंसंच होतं. भीती वाटते, आणि त्याच वेळी असंही वाटतं की आपण लहानपणी इथे आलो होतो आणि आईचा हात नुकताच सुटला होता.

नीबिया म्हणाली की तिच्या आईने तिचा हात कधी धरलाच नव्हता, कान धरायची. आणि इथे माणूस नाही हे कोणी सांगितलं?

"म्हणजे तुम्ही आहात, सेन्योरा," माइते जरा ओशाळून म्हणाली, "पण वाटत नाही."

नीबियाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती आत गेली आणि पार्लरमधले होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावले. माइतेने हात जोडून ते बंद करायला लावले, कारण उजेडात रिकामेपणा मरतो म्हणे.

पुढे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माइतेने फोटो इंटरनेटवर टाकले आणि त्यांना कुठून कुठून हजारो माणसांनी उचललं. कोरियात कोणीतरी रडलं. कॅनडात कोणीतरी लिहिलं, ही गल्ली माझ्या स्वप्नात येते. मग पोरं यायला लागली. आधी दोघं, चौघं, मग शनिवारी घोळक्यांनी. दारातून आत आली की आवाज खाली घ्यायची, फरशीवर पाय अलगद टाकायची, आणि कारंज्यापाशी उभी राहून एकमेकांच्या कानात म्हणायची, कसलं एकटं वाटतंय ना. तीस-चाळीस जणांना एकाच जागी, एकाच वेळी एकटं वाटत होतं. नीबिया दारात कंबरेवर हात ठेवून हे बघायची आणि जोरात नाक शिंकरायची, म्हणजे निदान कोणीतरी दचकावं.

हाकलून द्यावं असा तिचा बेत होता. पण एका शनिवारी त्यातला एक मुलगा आजोबांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन दार्दोकडे गेला. त्याचं बघून दुसरा गेला. त्या संध्याकाळी दार्दोचा दिवा नेहमीपेक्षा उशिरापर्यंत जळत होता आणि तो चक्क शीळ घालत होता. शीळ ऐकून नीबियाच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाच्या टेबलावर काम पडलंय तो काम टाकून समुद्र ओलांडत नाही. निदान लगेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून नीबियाने नेप्तुनो गालेरियाचा रिकामेपणा सजवायला घेतला. केस वाळवायच्या मोठ्या टोपांच्या जुन्या खुर्च्या तिने गल्लीत काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून रांगेत मांडल्या. एक चांगली ट्यूबलाईट काढून तिथे लुकलुकणारी लावली. कोपऱ्यात जुना टेप दडवून त्यावर तिच्या लग्नातली नाचाची गाणी इतक्या हळू लावली की ऐकू येतंय की भास होतोय ते कळू नये. आणि तो बिनडोक्याचा पुतळा तर तिचा हुकमी एक्का होता. आज या दुकानात, उद्या त्या दुकानात, एकदा बायकांच्या संडासात. तिथून एक मुलगी किंचाळत बाहेर आली आणि पुढच्या शनिवारी पाच मैत्रिणींना घेऊन आली.

शिवाय पदरच्या गोष्टी होत्या, त्यांत तर नीबियाचा हात कोणी धरला नसता. या जिन्यावरून एक कुटुंब वर गेलं ते अजून खाली आलेलं नाही, असं ती अगदी सहज, केस कापता कापता सांगायची. वर फक्त एक कठडा आणि एक बंद कोठार होतं, पण ते सांगायची गरज काय? आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती मुद्दाम शेवटी ठेवायची. तुमच्या घरी एखादं बंद घड्याळ आहे का? आजी-आजोबांचं? मग ते खरं इथेच, या गालेरियात बंद पडलंय. ते फक्त समोरचा माणूस चालू करू शकतो.

पोरांनी घरातले खण उपसले. भिंतीवरची, टेबलावरची, साखळीची, आतून कोळ्याने घर केलेली घड्याळं दार्दोच्या काउंटरवर येऊन पडू लागली. दार्दो बिचारा बुचकळ्यात पडला. एका सकाळी येर्बा ओतताना त्याने तक्रार केली, की ही पोरं माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. काल एका मुलीने विचारलं, तुम्ही कधी वारलात?

"मग काय सांगितलंत?"

"मंगळवारी, म्हटलं."

नीबियाला इतकं हसू आलं की येर्बा नाकात गेली. दार्दो गंभीर चेहऱ्याने पुढे म्हणाला, की तो पुतळाही आज सकाळी त्याच्या दाराशी उभा होता. नीबिया म्हणाली, चालत आला असेल. दार्दोने विचारलं, तुमचा एप्रन घालून? त्यावर नीबियाने पाणी गार असल्याची तक्रार केली. जाताना त्याच्या खांद्यांकडे बघून तिला कळलं की म्हातारा हसतोय. त्या दिवशी तिला पक्कं वाटलं की आपण जिंकलो.

कसलं जिंकलो. जुलै संपताना दार्दो आला आणि म्हणाला, मारिएलाने तिकीट पाठवलंय, ऑगस्टातला शेवटचा सोमवार. घड्याळं तोवर होतील सगळी. एवढं बोलून तो उभाच राहिला. थर्मास काखेत, वाटी हातात, वाटीतला पाला संपलेला, तरी उभा. तो कशाची तरी वाट बघत होता हे नीबियाला दिसत होतं. तिने केस विंचरायचा कंगवा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाली की तिकडे येर्बा मिळते का आधी बघा, नाहीतर उपाशी मराल. मिळते, असं तो म्हणाला. आणि गेला. नीबियाने दार लावून घेतलं. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा तिला भयंकर संताप येत होता.

अशा मनःस्थितीत माइते पुन्हा उगवली. शहरातल्या एका मोठ्या दालनात तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी तिला गालेरियाचा एक भला मोठा फोटो हवा होता, वरच्या कठड्यावरून घेतलेला. अख्खी गल्ली, दोन्ही दुकानं, मध्ये कारंजं. आली ती नेमकी शनिवारी, गर्दीच्या वेळी. नीबियाने तिला टोमणा मारला, की या जत्रेत तुझा रिकामेपणा कुठे शोधणार? माइते म्हणाली, माणसं हटवायची गरजच नाही. तिने एक काळी काच दाखवली. ही कॅमेऱ्यावर लावायची म्हणजे उजेड थेंबथेंब आत जातो आणि एक फोटो घ्यायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जो हलतो तो फोटोत उमटतच नाही. जो थांबतो तोच दिसतो. मग कठड्यावरून वाकून तिने सगळ्यांना विनंती केली, की फिरत राहा, काय वाटेल ते करा, पण कोणीही एका जागी थांबू नका. दार्दोच्या दुकानात जाऊन त्यालाही तिने वेगळं बजावलं.

नीबियाचा या थापेवर काडीचा विश्वास बसला नाही. हललं की दिसेनासं व्हायला ती काय डास होती? आणि मुख्य म्हणजे तिचं डोकं फिरलेलं होतं. तीस वर्षं ज्या जागेत तिने घाम गाळला ती जागा जगभर कोणी नसलेली म्हणून मिरवत होती, आणि दार्दोच्या त्या सोमवारनंतर ती खरोखरच तशी होणार होती. ठीक आहे, इथे माणूस आहे असं वाटत नाही म्हणे. आता वाटेल. माइतेने वरून हात वर केला आणि पोरं कारंज्याभोवती गुमान फिरायला लागली, तशी नीबियाने झाडू उचलला आणि पार्लरच्या दारात नाचायला लागली.

नाचली म्हणजे कशी, तर कार्निव्हलमध्ये ढोलांच्या मागे बायका नाचतात तशी. कमरेत वाकून, खांदे उडवून, झाडू डोक्यावर फिरवून. कॅमेऱ्याकडे बघून तिने जीभ काढली. एप्रनचा घोळ दोन हातांत धरून गिरक्या घेतल्या. गुडघे कुरकुरले, तिकडे तिने साफ कानाडोळा केला. फिरणारी पोरं हसायला लागली, कोणी टाळ्यांचा ठेका धरला, तशी ती आणखी चढली. माइतेने वरून संपलं म्हणून सांगितलं तेव्हा नीबिया घामाने निथळत होती आणि दार्दोचं तिकीट आल्यापासून पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं. झाला तुमच्या रिकामेपणाचा बट्ट्याबोळ, असं मनाशी म्हणून ती खुर्चीत कोसळली.

प्रदर्शन उघडलं ते दार्दोच्या जाण्याआधीच्या शनिवारी सकाळी. नीबियाने केस बसवले, ठेवणीतला हिरवा कोट घातला आणि एकटीच गेली. दार्दो म्हणाला होता, की दुकान आवरायचंय. दालनात हळू बोलणारी माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे होते. तो फोटो सगळ्यात आतल्या भिंतीवर होता, भिंतीएवढा. त्याच्यासमोर घोळका होता. नीबिया कोपरांनी वाट काढत पुढे गेली, स्वतःला जीभ काढताना बघायला.

ती त्यात नव्हती. पोरं नव्हती, टाळ्या नव्हत्या, झाडू नव्हता. पिवळी फरशी धुतल्यासारखी स्वच्छ होती आणि पार्लरचं दार उघडं, रिकामं. चार मिनिटं जीव तोडून नाचली, आणि तिथे तिच्या चपलेची सावलीसुद्धा नव्हती. एक क्षण तिला खरंच वाटलं की ती पोरगी म्हणाली तेच खरं, आपण इथे नाहीच.

मग तिने समोरचं दुकान बघितलं.

तिथे दार्दो होता. अंधुक नाही, पुसट नाही, शर्टाचं प्रत्येक बटण मोजता यावं इतका लख्ख. भिंग कपाळावर सरकवलेलं. कोपर काउंटरवर, हनुवटी तळहातावर. समोर घड्याळांचा ढीग तसाच पडलेला. आणि तो पार्लरच्या रिकाम्या दाराकडे बघत होता.

घोळक्यातून उसासे ऐकू येत होते. किती एकटा आहे तो, एक बाई म्हणाली आणि तिने रुमाल काढला. समोर काहीच नाही आणि तरी बघतोय, तिच्या नवऱ्याने समजावलं, हेच तर म्हाताऱ्या माणसाचं असतं. माइते गर्दीतून आली आणि नीबियाच्या कानाशी लागून सांगू लागली, की आधी तिला राग आला होता. एवढं बजावून म्हातारा हलला नाही, फोटो बिघडवला. पण नंतर बघितलं तर हाच सगळ्यांत चांगला. दोन माणसांनी विकत मागितलाय. किती उदास आहे, नाही?

नीबियाला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट धरून. काळ्या कपड्यांतली माणसं वळून बघायला लागली, रुमालवाली बाई तर दुखावलीच. नीबिया हसत होती आणि डोळे पुसत होती आणि त्या रिकाम्या दाराकडे पुन्हा पुन्हा बघत होती. त्या दारात तेव्हा काय चाललं होतं हे त्या अख्ख्या दालनात फक्त तिला माहीत होतं. जो माणूस हातात स्क्रू नसेल तर दोन मिनिटं स्वस्थ बसत नाही, तो सबंध वेळ पापणीही न हलवता बसला होता.

ती बसने परत आली. दार्दो भिंतीवरची घड्याळं उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत होता. नीबिया कारंज्याला वळसा घालून त्याच्या दुकानात शिरली, आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तोच नेहमी तिच्याकडे येत आला होता, ती इथे आत कधी आलीच नव्हती. कोटाची बटणं न सोडता ती म्हणाली की फोटो बघून आले, त्यात तुम्ही आहात.

दार्दो म्हणाला, असणारच.

"तिने तुम्हाला हलत राहायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

दार्दोने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "तुम्ही नाचत होतात," तो म्हणाला.

नीबियाचा चेहरा केसांच्या रंगाचा झाला. इतके दिवस ज्या 'का'ला ती घाबरत होती तो विचारायला आता उरलाच नव्हता. ती म्हणाली, जाऊ नका. अगदी साध्या आवाजात म्हणाली, पाणी गार आहे म्हणायची तशी. दार्दोने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला की हे तुम्ही जूनमध्ये म्हणाला असतात तर मला ही घड्याळं उतरवावी लागली नसती. मग त्याने विचारलं, मारिएलाला काय सांगू? ती विमानतळावर येणार आहे. नातवाची पाळणाघरातली जागासुद्धा तिने सोडलीय, आजोबा सांभाळतील म्हणून.

 बाळाचं ऐकून नीबिया जरा ओशाळली, पण मागे हटली नाही. ती म्हणाली की भेटायला जा, उन्हाळ्यात जा, महिनाभर राहा, पण दुकानाला कुलूप लावून जा, दुकान उचलून नको. दार्दोने मान हलवली, फोन उचलला आणि तिच्या देखत नंबर लावला. तिकडे वालेन्सियात संध्याकाळ झालेली, मागे बाळ रडत होतं. तो मुलीला म्हणाला, की सोमवारचं जमत नाहीये. का नाही जमत, असा प्रश्न नीबियालाही लांबून ऐकू आला. दार्दोने त्या दिवसाचे शब्द संपल्यासारखा फोन सरळ तिच्या हातात दिला.

नीबियाने घसा साफ केला. मी नीबिया, समोरच्या दुकानातली, असं तिने सांगितलं. 

"अच्छा," मारिएला म्हणाली. "बाबा सांगतात त्या नाचणाऱ्या तुम्हीच का?"

नीबियाने दार्दोकडे बघितलं. तो घाईघाईने एक घड्याळ वर्तमानपत्रातून सोडवत होता.

"हो, मीच," ती म्हणाली. "आणि सोमवारी हे कुठेही येत नाहीयेत."